आईबाबांना ‘खरं इंग्लिश खेडं’ दाखवायचंय? मग स्टोक रोची विहीर बघून या

प्रश्न थोडक्यात असा आहे की आईबाबा नाशिकहून तीन महिन्यांसाठी लंडनजवळच्या स्लाउला आलेत, लंडन, विंडसर, स्टोनहेंज सगळं उरकलंय, बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आई पूर्ण शाकाहारी आहेत, आणि आता त्यांना “एखादं खरंखुरं इंग्लिश खेडं” बघायचंय. तर कॉट्सवोल्ड्सला, म्हणजे दगडी घरांच्या गावांसाठी प्रसिद्ध असलेल्या टेकड्यांच्या भागात, जावं का, आणि टॉयलेट-खाण्याची सोय काय. वरती बऱ्याच जणांनी बायबरी, बोर्टन ही नावं सुचवलीत आणि ती चुकीची नाहीत, फोटोत जे दगडी घरांचं गाव आपण बघतो ते तिथेच आहे. पण मी थोडं वेगळं सांगणार आहे, जरा लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे सल्ला कितपत मनावर घ्यायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी २००६ पासून रेडिंगला राहते आणि गेली बारा-तेरा वर्षं उन्हाळ्यात आमच्या ओळखीतल्या लोकांच्या पाहुण्या आईबाबांना पाच-सहाच्या गटाने आसपासची गावं दाखवायला नेते. लायसन्सवाली गाइड वगैरे नाहीये, हौस आहे. पण साठ ते ऐंशी वयाच्या मराठी माणसांना इंग्लंडच्या खेड्यात काय आवडतं आणि कुठे कंटाळा येतो याचा अंदाज आता बऱ्यापैकी आलाय.

माझ्या मते तुमची अडचण गाव निवडण्याची कमी आणि गावात पोचल्यावर करायचं काय याची जास्त आहे. आपल्या डोक्यात गाव म्हटलं की पार असतो, एसटी स्टँड, टपरी, देऊळ, बाजाराचा दिवस. इथे गाडीतून उतरलं की सुंदर घरं, फुलं, आणि सगळी दारं बंद. दहा मिनिटं “किती स्वच्छ आहे नाही” होतं आणि मग प्रत्येक, अक्षरशः प्रत्येक बाबा हाच प्रश्न विचारतात, “अगं पण माणसं कुठायत?” कॉट्सवोल्ड्समध्ये माणसं दिसतात पण तीही आपल्यासारखीच बसमधून उतरलेली. शिवाय स्लाउहून जाऊन-येऊन चार तास गाडीत, उन्हाळ्याच्या वीकेंडला पार्किंगसाठी फेऱ्या, आणि गुडघेवाल्या माणसाला चार तास गाडी म्हणजे चार तास चालण्यापेक्षा वाईट. फोटोच हवे असतील, किंवा एक रात्र राहणार असाल तर जरूर जा. एका दिवसात परत यायचं असेल तर माझं उत्तर ऑक्सफर्डशायरमधलं स्टोक रो हे पॅरिश. हेन्लीपासून साधारण पाच मैल, चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावर.

पॅरिश म्हणजे काय ते बाबांना आधीच सांगून ठेवा, तिकडे गेल्यावर मजा येते. मूळ शब्द चर्चचा, एका चर्चखाली येणारी वस्ती. पण १८९४ च्या कायद्याने पॅरिश कौन्सिलं निवडून यायला लागली, आणि आता पॅरिश कौन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायतच समजा, फक्त अधिकार अगदी थोडे. बाकं, खेळाचं मैदान, बस शेल्टर, भाजी लावायचे भाड्याचे वाफे, असल्या गोष्टी त्यांच्याकडे. गावात काचेची पेटी लावलेला नोटीस बोर्ड असतो, तो पाच मिनिटं उभं राहून वाचा, कुणाचं मांजर हरवलंय, कुठल्या शेतात बांधकामाला हरकत आहे, व्हिलेज हॉलमध्ये योगाचा क्लास कधी. माझ्याबरोबर एक निवृत्त ग्रामसेवक आले होते ते चर्चपेक्षा जास्त वेळ त्या बोर्डासमोर उभे होते.

आता मुख्य मुद्दा, विहीर. स्टोक रोच्या रस्त्याला लागूनच एक घुमट दिसतो, लोखंडी खांबांवर, आपल्याकडच्या छत्रीसारखा, आणि त्याच्या आत पाणी ओढायच्या यंत्रावर सोनेरी हत्ती. घुमटाखाली लिहिलंय की ही विहीर बनारसच्या महाराजांनी दिली. होय, आपल्या काशीचे राजे, ईश्वरीप्रसाद नारायण सिंह. काशीच्या राजाने ऑक्सफर्डशायरच्या खेडेगावाला विहीर बांधून दिली, हे वाक्य गाडीतून उतरायच्या आधी सांगू नका, त्यांना स्वतःला वाचू द्या. काशीयात्रा झालेली आई असेल तर तिचा चेहरा बघण्यासारखा होतो, मी दरवर्षी बघते.

हे झालं कसं, तर शेजारच्या इप्सडेनचे एडवर्ड अँडरडन रीड हे ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि मग सरकारच्या नोकरीत उत्तर हिंदुस्तानात होते. १८३१ मध्ये त्यांनी आझमगढला लोकांसाठी विहीर खोदायला मदत केली होती. बनारसच्या महाराजांशी त्यांची मैत्री झाली आणि गप्पांमध्ये त्यांनी आपल्या गावाकडच्या पाण्याच्या हालांबद्दल सांगितलं. गोष्ट अशी सांगतात की उन्हाळ्यात घरातलं उरलंसुरलं पाणी पिऊन टाकलं म्हणून तिथे एका पोराला आईने मारलं होतं. रीड १८६० मध्ये परत गेले, आणि महाराजांनी ते लक्षात ठेवून विहिरीचे पैसे दिले.

इंग्लंडमध्ये पाण्याचे हाल हे आपल्याला पटत नाही, इथे तर सदान्कदा पाऊस. पण चिल्टर्न म्हणजे खडूच्या दगडाचे डोंगर, पाऊस पडतो आणि सरळ खाली झिरपून जातो, पाणी लागतं ते खूप खोल. वरती कुठेकुठे मातीचा थर आहे त्यात डबकी साचायची, त्या गढूळ पाण्यावर लोक भागवायचे, आणि तेही आटलं की मैलोन्‌मैल चालत आणायचं. हे समजावून सांगायला नाशिक-नगरकडच्या माणसांना दोन मिनिटं पुरतात. कोकणातल्या माणसाला तर एकच, धो धो पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये टँकर, म्हटलं की मान हलते.

विहिरीचं काम १० मार्च १८६३ ला सुरू झालं आणि २४ मे १८६४ ला, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, ती खुली केली. खोली ३६८ फूट आणि रुंदी फक्त ४ फूट. पूर्ण हाताने खोदलेली. सेंट पॉल्स कथीड्रल तुम्ही लंडनला बघितलंच असेल, त्याच्या टोकावरच्या क्रॉसपर्यंतची उंची ३६५ फूट आहे, म्हणजे ते अख्खं आत उभं केलं तरी बुडेल, आणि कुतुबमिनार २४० फुटांच्या आसपास. चार फूट रुंद भोकात एक माणूस खाली उतरून खोदतोय आणि वर आभाळाचा ठिपका, विचार करून अंगावर काटा येतो. खर्च साडेतीनशे पौंडांच्या थोडा वर आला. यंत्र वॉलिंगफर्डच्या कारखान्यातलं, आणि एक बादली वर यायला दहा मिनिटं चाक फिरवावं लागायचं. सत्तर वर्षांहून जास्त काळ गाव हे पाणी प्यायलं, मग नळ आले.

राजेसाहेबांनी नुसती विहीर देऊन सोडलं नाही, तिचा खर्च कसा भागणार याचा पण विचार झाला होता. शेजारी चेरीची बाग लावली, तिचं नाव ईश्री बाग, फळं विकून विहिरीची देखभाल करायची. आणि राखणदाराला राहायला टुमदार घर. आपल्याकडे विहिरीला इनाम जमीन लावून द्यायचे तसंच अगदी. बागेत माशाच्या आकाराचं तळं पण केलं होतं, मासा हे बनारसच्या राजघराण्याचं चिन्ह. म्हणजे बघा, दानधर्माची पद्धत सुद्धा तिकडूनच आलेली आहे, नुसते पैसे नाही.

इथे माझं एक मत सांगते, पटलं तर घ्या. तिथली माहिती वाचली की सगळं मैत्री आणि दातृत्व असं गोड गोड वाटतं. पण १८५७ ला सहाच वर्षं झाली होती, बनारसचे महाराज त्या धामधुमीत इंग्रजांच्या बाजूने राहिले होते, आणि राणीच्या वाढदिवसाला उद्घाटन हे काही योगायोगाने ठरलेलं नाही. त्यात १८६०-६१ मध्ये दिल्ली-आग्र्याच्या पट्ट्यात भयंकर दुष्काळ पडून गेला होता. मी हे सांगितलं की गटात हमखास वाद पेटतो. एक काका म्हणाले, आपल्या लोकांना पाणी नाही आणि साहेबाच्या गावाला विहीर. त्यावर एक आजी म्हणाल्या, साहेबाच्या गावाला कुठे, ती त्या मार खाल्लेल्या पोराला दिलीय. मला दोन्ही पटतं. पण मुद्दा असा की सत्तरीची माणसं एका विहिरीच्या काठावर अर्धा तास हिरिरीने भांडली, हे कॉट्सवोल्ड्समध्ये माझ्या बघण्यात एकदाही झालेलं नाही.

विहीर बघायला तिकीट नाही. जमीन सपाट आहे, काठी घेऊन आरामात जमतं. बाकावर बसून डबा खाल्ला तर कोणी काही म्हणत नाही, फक्त आवराआवर करून निघा. दशम्या, चटणी, थर्मासमध्ये चहा एवढं न्याच, कारण आता सोयींबद्दल बोलते आणि ते तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर आहे.

इंग्लिश खेड्यात सार्वजनिक टॉयलेट आहे असं कधीच धरून चालू नका. माझा नियम असा की आधीच्या मोठ्या गावात थांबायचंच, गरज असो वा नसो, “आत्ता नाहीये गं” हे ऐकून घ्यायचं नाही. तुम्ही स्लाउहून येताना हेन्लीत थांबाल, तिथे टॉयलेट, कॉफी, सुपरमार्केट सगळं आहे. खेड्यात मग उरतो तो पब. आता आपल्याकडच्या आयांना पब म्हणजे दारूचा गुत्ता वाटतो, माझ्या सासूबाई पहिल्यांदा दारातच उभ्या राहिल्या होत्या पदर घट्ट धरून. त्यांना सांगा की ही गावाची चावडी आहे, नुसता चहा मागितला तरी देतात, पोरंबाळं-कुत्री सगळी आत असतात. शाकाहारी काहीतरी एक-दोन पदार्थ हल्ली बहुतेक ठिकाणी मिळतात, पण तळणीचं तेल वेगळं आहे का हे विचारायचं असेल तर विचारा, लाजू नका, नीट उत्तर देतात.

आणि वेळा. एकदा मी सात जणांना घेऊन सोमवारी दुपारी एका गावात गेले, पब सोमवारी बंद, दुकान दुपारी बंद, चर्चला कुलूप, वरून पाऊस. पाच आजी-आजोबा गाडीत बसून चिवडा खातायत आणि मी फोनवर टॉयलेट शोधतेय असा तो दिवस गेला. तेव्हापासून आदल्या दिवशी फोन करते. खेड्यातल्या पबच्या, दुकानांच्या वेळा बदलतात, कधी मालक बदलतो, इंटरनेटवर दोन वर्षांपूर्वीचं लिहिलेलं असतं, त्यामुळे मी सुद्धा इथे कुठल्या पबचं नाव देत नाही. फोन करा. सोमवार-मंगळवार टाळा, आणि रविवार असेल तर दुपारनंतर जा कारण सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते.

चर्च बघायचं तर स्टोक रोचं स्वतःचं चर्च एकोणिसाव्या शतकातलं आहे, तसं नवंच. जुनं बघायचं तर दोनेक मैलांवर चेकेंडनला जा. नॉर्मन काळातलं छोटंसं चर्च, गाभारा अर्धगोल, आणि त्याच्या भिंतीवर जुनी चित्रं. आत कोणी नसतं, दाराचं जड लोखंडी कडं फिरवायचं आणि आत जायचं, आपल्या आईबाबांना याचंच नवल जास्त वाटतं की राखणदार नाही, तिकीट नाही, नुसती दानपेटी. चपला काढायची गरज नाही, पण आई काढणारच, तर जाड मोजे असू द्या, फरशी बर्फासारखी असते. एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या, चर्चच्या अंगणात थडगी असतात आणि वाट त्यातूनच जाते. काहींना ते नको वाटतं. माझे वडील बाहेर गाडीपाशीच थांबायचे, मी कधी आग्रह केला नाही. बाहेर युद्धस्मारक असतं त्यावरची नावं वाचा, पन्नास-साठ घरांच्या गावातली किती पोरं, आणि एकच आडनाव दोनदा-तीनदा.

दुसरं ठिकाण, आणि हे खास बाबांसाठी, नफील्ड. स्टोक रोहून चारेक मैल. मोरिस मोटर्सचा विल्यम मोरिस, जो पुढे लॉर्ड नफील्ड झाला, तो १९३३ पासून १९६३ मध्ये वारेपर्यंत तिथल्या घरात राहिला, नफील्ड प्लेस म्हणतात, आता नॅशनल ट्रस्ट या जुनी घरं-जागा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. बाबांचं आणि त्याचं काय नातं? ॲम्बॅसेडर! आपली ॲम्बॅसेडर म्हणजे मोरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री, इंग्लंडमध्ये ती कधीच बंद पडली आणि हिंदमोटरला २०१४ पर्यंत निघत होती. एवढं सांगितलं की साठीच्या पुढच्या पुरुषांना दुसरं काही लागत नाही, कुणाच्या साहेबाची पांढरी, कुणाच्या लग्नातली भाड्याची, मागे किती जण बसलो होतो, सुरूच.

घर बघून सगळे चकित होतात ते साधेपणाने. त्या काळातला इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक, आयुष्यात तीन कोटी पौंडांच्या आसपास दान केलेला, आणि बेडरूममधल्या कपाटात हत्यारं. पाने, पक्कड, स्क्रू, रात्री झोप नाही आली तर दुरुस्त्या करत बसायचा. अस्थी शेजारच्या पॅरिश चर्चच्या अंगणात आहेत, अगदी साध्या दगडाखाली. इथे चहाची खोली आहे, टॉयलेट आहे, बाग आहे, म्हणून मी हे दुपारी ठेवते. तिकीट लागतं आणि रोज उघडं नसतं, जायच्या आधी वेबसाइट बघाच.

यूएलम या इथल्याच जुन्या गावाबद्दल पण कोणीतरी लिहिलंय वर. सुंदर आहे, वादच नाही, कवी चॉसरची नात ॲलिस हिची संगमरवरासारख्या गुळगुळीत अलाबास्टरची समाधी, १४३७ च्या परवानगीने बांधलेली गरिबांसाठीची घरं ज्यात अजून माणसं राहतात, शेजारी तितकीच जुनी शाळा. पण समाधीच्या खालच्या भागात जे बघायचं असतं त्यासाठी जमिनीवर आडवं व्हावं लागतं आणि चढउतार पण आहे. गुडघा बघता या वेळी सोडा. ऊर्जा उरली तर गाडीतून एक चक्कर.

चालण्याबद्दल. चिल्टर्नमध्ये पायवाटांचं जाळं आहे, शेतातून, कुणाच्या तरी अंगणाला लागून, आणि त्यावरून जायचा कायदेशीर हक्क सगळ्यांना. पिवळा बाण म्हणजे पायी, निळा म्हणजे घोडा-सायकलही चालते. नकाशा हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर १७१. पण कुंपण ओलांडायला कुठेकुठे लाकडी पायऱ्या असतात, एक पाय वर टाकून पलीकडे उतरायचं, साडी नेसलेल्या आईला आणि ऑपरेशनवाल्या बाबांना ते अजिबात जमणार नाही, आणि नकाशावरून पायरी आहे का फाटक ते कळत नाही. म्हणून मी रस्त्यालगतच्या बीच नावाच्या झाडांच्या जंगलात दोनशे पावलं आत जाऊन परत फिरते, बास. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत खाली निळ्या फुलांचा गालिचा असतो. वर बघितलं तर घारी, लालसर आणि दुभंगलेल्या शेपटीच्या. इंग्लंडमधून त्या संपल्या होत्या, १९८९ पासून स्पेनहून आणून चिल्टर्नमध्ये सोडल्या, आता इतक्या झाल्यात की डब्यावर लक्ष ठेवा. नशीब असेल तर भेकर पण दिसतं, आपल्या सह्याद्रीतल्या भेकराचा चिनी चुलतभाऊ, शंभरेक वर्षांपूर्वी बागांमधून सुटलेला.

बसने जमेल का असं खाली एकाने विचारलंय. खरं सांगायचं तर आईबाबांना घेऊन नको, खेड्यातल्या बस मोजक्या असतात, एक चुकली की दिवस गेला. गाडीच. स्लाउहून हेन्ली, मग ए ४१३० ने नेटलबेड, तिथून वळून स्टोक रो. शेवटचे दोन-तीन मैल रस्ता अरुंद आहे, दोन्हीकडे झाडी, समोरून ट्रॅक्टर आला तर तुम्हालाच मागे घ्यावं लागेल, हळू चालवा. शॉर्टकट सुचवणाऱ्या नेव्हिगेशनचं ऐकू नका, मोठा रस्ता जिथपर्यंत नेतो तिथपर्यंत त्यानेच जा.

तर माझा दिवस साधारण असा असतो: दहाला निघायचं, हेन्लीत थांबा, साडेअकराला विहीर, तिथेच डबा, चेकेंडनचं चर्च अर्धा तास, दोनपर्यंत नफील्ड प्लेस, तिथे चहा आणि केक, चारला परत. तीनच ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी बसायला जागा. कोणी चौथं सुचवलं तर मी नाही म्हणते. डिसेंबरात येणार असाल तर निम्मंच करा, चारला अंधार पडतो.

घडीची एक खुर्ची मात्र डिकीत टाका. बाक नेमकं सावलीत आणि वारा लागेल अशा जागी असतं, आणि जूनमध्ये सुद्धा टेकडीवर स्वेटर लागतो, बाबा नको म्हणतील तरी घ्या. आणि आईंनी घरात काशीहून आणलेली गंगाजलाची लोटी जपून ठेवली असेल तर ती विहिरीत ओतायचा बेत करू नका, तोंड झाकलेलं आहे, आमच्या एका आजींनी विचारलं होतं म्हणून सांगतेय.